दाखला कोणी द्यायचा?

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी होते. नोकरीच्या काळात त्यांनी कितीतरी पोरांचा जन्म १ जूनला लावून दिला. शाळा जूनमध्ये उघडायची. नाव घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं, "त्या साली लई पाऊस झालता गुरुजी," नाहीतर "थोरल्याच्या मागं दोन वर्सानं." मग पोराला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचा. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. चालू सालातून सहा वजा करायचे आणि तारीख लिहायची १ जून. दाखल-खारीज रजिस्टरात नोंद व्हायची, शेवटी गुरुजींची सही.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला वाढदिवस विचारला तर आमच्याकडे उलट प्रश्न येतो, "खरा का कागदावरचा?" दर १ जूनला गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शुभेच्छांची रांग लागते, निम्मं गाव त्या दिवशी जन्मलेलं असतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही काही वर्षांपूर्वी मी असा एक प्रोग्राम लिहिला, ज्याला हे माहीत नव्हतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काम होतं एका मदतीच्या यादीतल्या दुहेरी नोंदी काढण्याचं. एकाच माणसाला दोनदा पैसे जाऊ नयेत, हा हेतू. नियम वरून लिहून आला होता. नाव-आडनाव, गाव आणि जन्मतारीख ही तिन्ही जुळली तर ती एकच व्यक्ती समजावी, पहिली नोंद ठेवावी, बाकीच्या काढाव्यात. वडिलांचं नाव मुद्दाम वगळलं होतं, कारण त्याचं स्पेलिंग प्रत्येक यादीत वेगळं येतं. मी नियम वाचला, मला पटला. कोड लिहिला, टेस्ट लिहिल्या, सगळ्या हिरव्या आल्या.

एवढ्यावर मी थांबलो नाही. नांदेडला इंजिनिअरिंगला असल्यापासून मला एका शास्त्राचं वेड आहे, प्रोग्राम चालवून बघण्याऐवजी तो बरोबर आहे हे गणितासारखं सिद्ध करण्याचं. ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं, पण एका शनिवारी मी त्या प्रोग्रामचा गाभा सिद्ध करून टाकला. निकालात तिन्ही गोष्टी जुळणाऱ्या दोन नोंदी कधीच उरणार नाहीत, आणि मूळ यादीतलं कुठलंही वेगळं त्रिकूट गळणार नाही. दोन्ही विधानं सुटली. त्या रात्री मी खूष होतो.

दिवाळीला आजोळी गेलो. आजोबांच्या ओसरीवर साठीचे एक गृहस्थ मोबाइल घेऊन बसले होते. आजोबांचे जुने विद्यार्थी.

"गुरुजी, हे काय आलंय बघा की. मोबाइल म्हणतंय मी दोनदा हाव."

आजोबांनी चष्मा लावून मेसेज वाचला आणि माझ्याकडे दिला. 'दुहेरी नोंद. अपात्र.' ते शब्द मीच टाइप केले होते.

"अरे, ह्याचा चुलत भाऊ आहे खालच्या आळीला," आजोबा म्हणाले. "दोघं एकाच साली जन्मले, म्हातारा गेला त्याच साली. म्हणून दोघांनाही त्याचंच नाव. आणि शाळेत नाव एकाच दिवशी मीच घातलं दोघांचं."

तारीख काय घातली असेल, हे विचारायची गरज नव्हती.

"हे ठरवलं कुणी पण?" त्या गृहस्थांनी विचारलं. मी गप्प बसलो. आजही त्या गप्प बसण्याची आठवण आली की मान खाली जाते. पण त्या वेळी डोक्यात दुसरंच चाललं होतं. माझा प्रोग्राम बरोबर होता. मी तो सिद्ध केला होता. मग हा माणूस ओसरीवर का बसला होता?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर प्रोग्राम सिद्ध करणं म्हणजे काय, हे आधी बघायला हवं.

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची गाडी आली आहे आणि मापाडी पोती मोजतो आहे, असं समजा. त्याची मोजणी बरोबर आहे याची खात्री कशी करायची? एक मार्ग म्हणजे शेवटी पुन्हा मोजून बघायचं. दुसरा मार्ग म्हणजे अशी एक गोष्ट शोधायची जी मोजणीच्या प्रत्येक क्षणाला खरीच असते. इथे ती अशी: मोजलेली पोती अधिक उरलेली पोती बरोबर गाडीतली एकूण पोती. सुरुवातीला मोजलेली शून्य, म्हणून विधान खरं. प्रत्येक पोत्यागणिक एक बाजू एकाने वाढते, दुसरी एकाने घटते, म्हणून खरंच राहतं. उरलेली शून्य झाली की मोजलेली म्हणजेच एकूण. शंभर पोती असोत की एक लाख, प्रत्येक गाडीसाठी वेगळी तपासणी लागत नाही. या न ढळणाऱ्या गोष्टीला इनव्हेरियंट म्हणतात.

१९४९ साली अ‍ॅलन ट्युरिंगने एका छोट्या लेखात मोठा प्रोग्राम असा टप्प्याटप्प्याने तपासता येईल हे दाखवलं. १९६७ मध्ये रॉबर्ट फ्लॉइडने त्याला पद्धतशीर रूप दिलं आणि १९६९ मध्ये टोनी होअरने त्याचं तर्कशास्त्र बनवलं. होअरच्या मांडणीत तीन भाग असतात. आधी काय खरं आहे असं धरलं, मग प्रोग्राम, आणि नंतर काय खरं होईल. सिद्धता पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत जाते. पहिला भाग खरा आहे का, आणि तिसरा भाग म्हणजे आपल्याला खरोखर हवी असलेली गोष्ट आहे का, यांची जबाबदारी ती घेत नाही.

हे वाचताना सोपं वाटतं, पण अनुभवी माणसंही इथेच घसरतात. बायनरी सर्च हा प्रत्येक इंजिनिअरला पहिल्या वर्षी शिकवला जाणारा प्रोग्राम. डिक्शनरीत शब्द शोधताना आपण मधलं पान उघडतो, तसा. जॉन बेंटलीने १९८६ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात तो सिद्धतेसह समजावून दिला. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉकने जाहीर केलं की त्याच पद्धतीने लिहिलेल्या जावाच्या लायब्ररीत एक चूक वर्षानुवर्षं दडून बसली होती. मधलं पान काढायला पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळवून दोनाने भागायचं. यादी साधारण १०७ कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज संगणकाच्या पूर्णांकात मावत नाही आणि उत्तर उणे होऊन बसतं. कागदावरच्या गणितात आकडे कितीही मोठे होऊ शकतात, आणि यंत्रातही होतील असं सिद्धतेने न बोलता धरलं होतं.

माझ्या सिद्धतेनेही असंच काहीतरी न बोलता धरलं होतं. जन्मतारखा माणसागणिक विखुरलेल्या असतात, दोन माणसांच्या तारखा जुळणं हा योगायोग असतो, आणि त्यावर नाव-गावही जुळलं तर माणूस एकच असणार. ज्या शहरात दवाखान्यातून जन्माचा दाखला मिळतो तिथे हे बऱ्यापैकी खरं आहे. आजोबांच्या रजिस्टरात ते खोटं होतं, कारण तिथे १ जून ही तारीखच नव्हती. 'माहीत नाही' असं लिहायची ती एक सभ्य रीत होती. गावात प्रत्येकाला तिचा अर्थ कळत होता. रजिस्टरातून टी. सी.वर, टी. सी.वरून ओळखपत्रावर, तिथून माझ्या एक्सेल फाइलमध्ये येईपर्यंत अर्थ गळून गेला आणि नुसता आकडा उरला.

इथे एक उत्तर तयार असतं. स्पेक चुकीचं होतं, प्रोग्राम बरोबर होता, म्हणून दोष स्पेक लिहिणाऱ्याचा. आमच्या धंद्यात हे रोज ऐकू येतं. मीही काही दिवस त्यावर स्वतःचं समाधान केलं. पण स्पेक लिहिणारा कदाचित कधी मराठवाड्यात आलाच नसेल. मी तर आलो होतो, इथलाच होतो. १ जूनची गोष्ट त्या साखळीत ज्याला माहीत होती असा बहुधा मी एकटाच होतो. तरी ती मला आठवली नाही, कारण कुणी विचारलंच नाही की हा नियम कशाच्या भरवशावर उभा आहे. मीही स्वतःला विचारलं नाही. मी सिद्धतेत तिसऱ्या भागावर शनिवार घालवला, पहिल्या भागाला पाच मिनिटंही दिली नाहीत.

त्यानंतर मी या विषयातलं वाचन पुन्हा काढलं, पण आता वेगळ्या भुकेने. हे शास्त्र लांबचं आहे असं मला कॉलेजात वाटायचं. तसं नव्हतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी १९८६ मध्ये एक पेपर लिहिला. एकाच यंत्रावर कमी-जास्त प्राधान्याची अनेक कामं चालू असताना एखाद्या कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल, हे आधीच हिशेब करून सांगायची रीत त्यात आहे, आणि रिअल-टाइम प्रणालींच्या अभ्यासात ती आजही शिकवली जाते. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये व्हेरिअ‍ॅब्स नावाचं साधन तयार झालं, त्याने सॉफ्टवेअर पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला आहे. मी पुण्यात राहून हे सगळं परदेशातलं समजत होतो.

असंच वाचताना एका पेपरवर ओळखीचं आडनाव दिसलं आणि मी थांबलो: केदार नामजोशी. टेक्सास विद्यापीठात अ‍ॅलन एमर्सन यांच्याकडे पीएच. डी., नंतर बेल लॅब्समध्ये संशोधन. एमर्सन म्हणजे 'मॉडेल चेकिंग' या पद्धतीच्या जनकांपैकी एक. एडमंड क्लार्क आणि जोसेफ सिफाकिस यांच्याबरोबर त्यांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या पद्धतीत माणूस सिद्धता लिहीत बसत नाही. प्रणालीच्या सगळ्या शक्य अवस्था यंत्रच धुंडाळतं आणि सांगतं की हवा असलेला गुण तिच्यात आहे की नाही.

मॉडेल चेकरची एक सवय मला पहिल्यापासून आवडायची. तो कधी कोरडं 'नाही' म्हणत नाही. 'नाही' म्हणताना तो उदाहरण समोर ठेवतो: या अवस्थेतून सुरुवात केली, मग हे झालं, मग ते झालं, आणि इथे तुमचा गुण मोडला. तो मार्ग आपण स्वतः चालून बघू शकतो. पण 'हो' म्हणताना तो नुसतं 'हो' म्हणतो. नामजोशींच्या २००१ च्या 'सर्टिफाइंग मॉडेल चेकर्स' या पेपरचा प्रश्न नेमका तोच आहे. मॉडेल चेकर हाही एक प्रोग्रामच, त्यातही चूक असू शकते. मग त्याच्या 'हो'वर विश्वास का ठेवायचा? त्यांनी दाखवलं की चेकर शोध घेत असतानाच आपल्या 'हो'ची सिद्धताही तयार करू शकतो, आणि ती दुसऱ्या, साध्या साधनाला तपासता येते.

२०१३ मध्ये लेनोर झुक यांच्याबरोबर त्यांनी हीच कल्पना कंपायलरला लावली. कंपायलर आपला कोड वेगवान करण्यासाठी त्यात बदल करत असतो. अख्खा कंपायलर सिद्ध करणं हे वर्षानुवर्षांचं काम. त्याऐवजी प्रत्येक बदलाबरोबर त्याने एक साक्ष द्यावी, की हा बदल अर्थ बिघडवत नाही, आणि ती साक्ष एका छोट्या तपासनिसाने पडताळावी. मोठ्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, त्याच्याकडून दर वेळी दाखला घ्यायचा आणि दाखला तपासणारा लहान व सोपा ठेवायचा. आता ही कल्पना बऱ्याच ठिकाणी रुजली आहे. २०१६ मध्ये पायथागोरसच्या त्रिकुटांबद्दलचा एक प्रश्न संगणकाने सोडवला, त्याची सिद्धता सुमारे २०० टेराबाइट भरली. कुठलाही माणूस ती वाचू शकणार नाही, पण तपासणारा प्रोग्राम ती तपासू शकतो.

'दाखला' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आमच्या भागात माणसाचं आयुष्य दाखल्यांवर चालतं. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. कार्यालयात गेलं की प्रत्येक विधानामागे दाखला लावावा लागतो; मी जिवंत आहे यासाठीही हयातीचा दाखला लागतो. आणि याच माणसाला यंत्र जेव्हा 'अपात्र' म्हणतं, तेव्हा ते काय दाखला देतं? दोन शब्द. मॉडेल चेकर इंजिनिअरला 'नाही' म्हणताना सगळा मार्ग उलगडून दाखवतो. माझा प्रोग्राम साठीच्या शेतकऱ्याला 'नाही' म्हणताना काहीच दाखवत नव्हता. ही उफराटी व्यवस्था मला त्या ओसरीवर दिसली, पण तिला शब्द सापडायला हा पेपर लागला.

उफराटेपणा किती दूर जाऊ शकतो याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या पोस्ट ऑफिसात १९९९ पासून होरायझन नावाची संगणक प्रणाली आली. ती शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दाखवत होती. तूट दिसली की शाखा चालवणाऱ्याला जबाबदार धरलं जाई. पुढच्या सोळा-सतरा वर्षांत ९०० हून अधिक लोक चोरी, फसवणूक, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांची घरं-दुकानं गेली. इंग्लंडच्या न्यायालयांत तेव्हा एक गृहीत होतं, आणि ते त्यानंतरही चालत राहिलं: उलट काही समोर येईपर्यंत संगणक नीट चालतो असं मानायचं. म्हणजे शंका घ्यायला आधार आणायचा तो आरोपीने, ज्याला यंत्राच्या आत बघायची सोय नाही. २०१९ मध्ये हायकोर्टाने प्रणालीत बग असल्याचं मान्य केलं आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याच्या हातात 'नाही' म्हणायची ताकद आहे, त्याने 'नाही'चा दाखला द्यायला हवा. ज्याला नकार मिळाला, त्याच्यावर आपण खरे असल्याचं सिद्ध करायचं ओझं टाकणं अन्यायाचं आहे. यंत्र चुकतं म्हणून तर आहेच, यंत्र बरोबर असलं तरी आहे. आणि तो दाखला अशा भाषेत हवा, की ज्याला खरी परिस्थिती माहीत आहे त्याला तो तपासता यावा.

शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. समजा माझ्या प्रोग्रामने दोन शब्दांऐवजी असं लिहिलं असतं: 'तुमचं नाव, गाव आणि जन्मतारीख (१ जून) यादीतल्या दुसऱ्या एका नोंदीशी जुळते. तिन्ही जुळणारी दोन वेगळी माणसं नसतात असं धरून तुमची नोंद काढली आहे.' हे वाचायला कंपायलर लागत नाही. आजोबा एका क्षणात हसले असते. ग्रामसेवक, तलाठी, पारावरचा कुणीही हसला असता. नामजोशींच्या कल्पनेत तपासनीस हा मूळ प्रोग्रामपेक्षा लहान आणि सोपा असतो. इथे तपासनीस होता पायथन न येणारा एक निवृत्त गुरुजी, आणि आमच्या अख्ख्या टीमला न सापडलेली चूक पकडण्याइतकं ज्ञान त्याच्याकडे होतं. आम्ही ती त्याच्यासमोर ठेवली नाही.

यावर काही आक्षेप मी स्वतःच घेतले आहेत, काही मित्रांनी घेतले.

पहिला: कारण उघड केलं तर लबाड माणूस नियम शिकेल आणि पळवाट काढेल. हे काही अंशी खरं आहे. पण लबाड माणूस चार वेळा अर्ज करून नियम तसाही शोधतो, त्याच्याकडे वेळ आणि ओळखी असतात. नियम गुप्त ठेवल्याचा सगळा भार पडतो तो एकदाच अर्ज करून गप्प बसणाऱ्यावर. आणि जो नियम सांगितल्याबरोबर कोसळतो, तो फारसा भक्कम नव्हता असंही म्हणता येईल.

दुसरा: पूर्वीचा कारकून तरी कुठे कारण सांगत होता? 'साहेब नाहीत, उद्या या' हेच उत्तर असायचं. कबूल. मी जुन्या काळाच्या प्रेमात नाही. पण कारकुनासमोर उभं राहता येत होतं, वाद घालता येत होता, गावातला शहाणा माणूस बरोबर नेता येत होता. त्याची चूक त्याच्या टेबलापुरती राहायची. माझी चूक एका रात्रीत यादीतल्या सगळ्या गावांत एकाच वेळी झाली, आणि तिला टेबलच नव्हतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. दाखला दिला तरी तो विचारलेल्या प्रश्नापुरताच असतो. याचं उदाहरणही नामजोशींच्याच कामात आहे. प्रोग्राम पासवर्ड वापरून झाल्यावर ती जागा शून्याने पुसतो. कंपायलर बघतो की त्या शून्याला पुढे कुणी वाचत नाही, म्हणून पुसण्याची ओळ निरुपयोगी समजून काढून टाकतो. उत्तर तेच येतं, म्हणून बदल बरोबर. पण पासवर्ड मेमरीत तसाच राहतो. चाओचियांग डेंग आणि नामजोशी यांनी २०१६ मध्ये दाखवलं की असा बदल बरोबर आहे हे तपासणं सोपं, पण त्याने गुपित फुटत नाही हे तपासणं फार कठीण. आणि निदान शंकास्पद ओळी राखून ठेवता येतील अशी रीत दिली. बदल बरोबर असल्याचा दाखला खरा होता, फक्त गुपिताबद्दल कुणी विचारलं नव्हतं. म्हणून दाखला मागितला की न्याय झाला, असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की दाखला समोर असेल तर कुठला प्रश्न विचारायचा राहिला, हे दिसू शकतं. दोन शब्दांत ते कधीच दिसत नाही.

१९७९ मध्ये रिचर्ड डीमिलो, रिचर्ड लिप्टन आणि अ‍ॅलन पर्लिस यांनी प्रोग्राम सिद्ध करण्याच्या चळवळीवर सडकून टीका केली होती. गणितातली सिद्धता खरी ठरते ती लोक ती वाचतात, वर्गात शिकवतात, तिच्यावर भांडतात म्हणून. यंत्राने काढलेली लांबलचक सिद्धता कुणी वाचणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. यंत्राच्या सिद्धतेबद्दल ते जरा जास्तच निराश होते असं आज वाटतं. पण गृहीतकांबद्दल ते बरोबर होते. सिद्धता यंत्र तपासेल, गृहीतकं माणसांनी एकत्र बसूनच तपासायची असतात. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, चावडी वाचन. सातबाऱ्याच्या नोंदी, याद्या गावासमोर मोठ्याने वाचायच्या आणि कुणाची हरकत आहे का ते विचारायचं. चावडीवर माझी यादी वाचली असती, तर पहिल्याच पानावर कुणीतरी म्हणालं असतं, "अरे, ती दोघं आहेत."

परत पुण्याला गेल्यावर मी प्रोग्राम बदलायचा प्रस्ताव ठेवला. तिन्ही जुळलं तर नोंद काढायची नाही, बाजूला ठेवायची. प्रत्येक बाजूला ठेवलेल्या नोंदीबरोबर मराठीत एक वाक्य छापायचं, का ठेवली ते. १ जून आणि १ जानेवारी या तारखा 'माहीत नाही' अशा धरायच्या. शाळेत न गेलेल्यांनी नुसतं वर्ष सांगितलं की कागदावर बऱ्याचदा १ जानेवारी लागते, हे मला आईने सांगितलं. पहिले दोन बदल बरीच घासाघीस होऊन मान्य झाले. तिसऱ्याला 'एका भागापुरता अपवाद नको' असं उत्तर आलं, म्हणून तो तसाच राहिला. त्या गृहस्थांचं नाव यादीत परत आलं, मधल्या हप्त्याचं काय झालं ते मला कळू शकलं नाही.

पुढच्या सुट्टीत मी आजोबांना सगळं सांगितलं, तो प्रोग्राम माझा होता हेही. त्यांनी रागावतील असं काही केलं नाही. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "मी खोटी तारीख लिहिली, ते चूकच. पण पोरगं शाळेत यावं म्हणून लिहिली, आणि खाली सही केली. कुणी विचारायला आला असता तर मी होतो. तुझ्या त्या मेसेजखाली सही कुणाची होती?"

सही नव्हती. आता मी लिहिलेल्या प्रत्येक फाइलच्या वर 'हे धरून चाललो आहे' अशी यादी असते, साध्या मराठीत, आणि खाली माझं नाव. टीममधले हसतात. गेल्या महिन्यात एका नव्या मुलीने त्यातल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे खरं आहे कशावरून? मला उत्तर देता आलं नाही. ती ओळ आम्ही काढली आणि त्या भागाचं काम पुन्हा सुरू केलं.